तानूबाईचे आकडे

अनुसूयेचं बोट कागदावर थांबलं, एवढंच झालं. बाकी कुणाच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. मल्लेश्वरमला श्रीहर्षच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती चौघं बसली होती, मध्ये स्टीलची परात, परातीत चार पैलूंपासून वीस पैलूंपर्यंतचे रंगीत फासे, आणि अनुसूया आपला कागद मोठ्यानं वाचत होती. नाव, तानूबाई. वय, पन्नास. मग सहा गुण एकाखाली एक, आणि त्यांच्यापुढं सहा आकडे. "ताकद," ती म्हणाली, आणि तिचं बोट त्या ओळीवर येऊन अडलं. रघुपतीनं, तिच्या नवऱ्यानं, ते पाहिलं, कारण तो तिथंच पाहत होता. त्या ओळीवर तिनं काल स्वतःच्या हातानं सात लिहिले होते आणि आता तिथं बारा होते. बारा रघुपतीच्या अक्षरातले. दोनेक श्वास बोट तसंच राहिलं. आता ही मान वर करणार आणि विचारणार, असं त्याला वाटलं, आणि उत्तरही त्यानं तयार ठेवलं होतं, अगदी मुद्देसूद. पण तिनं मान वर केली नाही. "बारा," असं म्हणून ती पुढच्या ओळीवर गेली, आणि उरलेले पाचही आकडे तिनं दुसऱ्याचं पत्र वाचावं तसे नीट, न अडखळता वाचून दाखवले. चौथा गडी बिंदुमाधव, त्यानं टेबलावर थाप मारली. "भले वहिनी! शहाणपण सोळा! अहो, आम्हाला तीन वर्षं वैदू नव्हता, आता मरायची भीती नाही." सगळे हसले, अनुसूयाही हसली. रघुपतीच्या मनात मात्र तेव्हाच पाल चुकचुकली.

हा खेळ म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मोठी माणसं परातीत फासे कसले टाकतात असं वाटेल. श्रीहर्ष हा रघुपतीचा मावसभाऊ. ब्याण्णव साली अमेरिकेहून परत आला तेव्हा त्याच्या दोन बॅगांपैकी एक या खेळाच्या पुस्तकांनीच भरलेली होती, आणि त्याच्या आईनं विमानतळावरच कपाळाला हात लावला होता. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो: पुढं अरण्य आहे, अरण्यात पडका किल्ला आहे. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपला माणूस काय करतो ते आपण सांगायचं, आणि जमतं की नाही ते फासा सांगतो. प्रत्येक माणसाचे सहा गुण: ताकद, चपळाई, दम, अक्कल, शहाणपण, ज्यावर वैदूचं औषध चालतं, आणि करिश्मा, म्हणजे बोलून समोरच्याला आपलंसं करायची हातोटी. सहा वेळा फासे टाकायचे, आलेले सहा आकडे हवे तसे वाटून द्यायचे. पुढं कुठलाही प्रसंग आला की वीस पैलूंचा फासा टाकायचा, आणि तो आपल्या आकड्याएवढा किंवा त्याच्या आत पडला की जिंकलो. श्रीहर्षच्या टेबलाचा एक नियम होता: पहिल्या दिवशी कागद सगळ्यांसमोर वाचायचा. एकदा वाचला की आकडे पक्के, त्या माणसाच्या मरणापर्यंत.

आणि रघुपती या वाटणीतला उस्ताद. ते झेरॉक्स केलेले, स्पायरलमध्ये बांधलेले तीन ग्रंथ त्यानं अथर्वशीर्षासारखे पाठ केले होते. कुठल्या हत्याराला कुठली ढाल, कोणत्या आकड्याच्या पुढं काही फायदा नाही, कुठं एक आकडा वाढला की घाव दुप्पट बसतो, हे सगळं त्याच्या जिभेवर. सगळ्यांत लहान आकडा तो डोळे मिटून करिश्म्यात टाकायचा. करिश्मा म्हणजे त्याच्या लेखी घरातली अडगळीची खोली. त्याचा वज्रबाहू नावाचा वीर तीन वर्षांत एकदाही आडवा झाला नव्हता. ताकद अठरा, करिश्मा पाच. वज्रबाहूचं गाव कुठलं, त्याला आईबाप आहेत का, हे तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि रघुपतीलाही कधी सुचलं नव्हतं. पोटापाण्याचा धंदाही त्याचा याच घराण्यातला. एका सरकारी कारखान्याच्या वेळ-अभ्यास विभागात तो गळ्यात स्टॉपवॉच अडकवून यंत्रांमागं उभा राहायचा, कामगाराचा हात कुठं उगाच फिरतो ते टिपायचा आणि त्या कामातली चार-पाच सेकंदं वाचवून द्यायचा. कामगार त्याला वॉच-सार, म्हणजे घड्याळवाले सर, म्हणत. तोंडावर म्हणत, पण प्रेमानं म्हणत नसावेत.

त्या रविवारी खेळ मात्र झकास झाला. तानूबाईनं बिंदुमाधवच्या तिरंदाजाचं विष उतरवलं, वज्रबाहूची जखम शिवली, जिथं म्हणून फासा टाकला तिथं सोळाच्या आत पडला. अनुसूया विचारल्यावर फासा टाकत होती, आकडा सांगत होती, परात पुढं सरकवत होती. परतताना ती स्कूटरवर मागं बसली. एरवी मल्लेश्वरम ते जयनगर एवढा रस्ता तिला बोलायला पुरत नसे. वाऱ्यात निम्मं ऐकू यायचं नाही तरी ती बोलायची, आणि तो हं हं म्हणायचा. आज शेषाद्रिपुरम गेलं, कॉर्पोरेशन गेलं, लालबागेची भिंत लागली, तरी मागून चकार शब्द नाही. घरी आल्यावर तिनं चपला काढल्या, दिवा लावला, आणि साडीचा पदर खोचता खोचता अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बरी खेळली हो आज तुमची बाई."

तुमची बाई. रघुपती सोमवारी कारखान्यात लेथच्या मागं उभा होता आणि हातातलं घड्याळ चालूच राहिलं होतं. समोरच्या कामगारानं तीन नग उतरवले तरी यानं बटण दाबलं नाही. आपलं काय चुकलं, हे तो अजून मुद्देसूदच तपासत होता. टोळीत वैदू नव्हता, हे खरं. तानूबाई होती तशी ठेवली असती तर दोन रविवारांत मेली असती, हेही खरं. मग तिच्या भल्यासाठी चार रेघा खोडून लिहिल्या तर त्यात काय एवढं? पण हा प्रश्न घातला की लगेच ते अडलेलं बोट दिसायचं. त्या बोटावरून त्याला आणखी एक आठवलं: अकरा वर्षांपूर्वी लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यातच त्यानं स्वयंपाकघरातले डबे नव्यानं लावले होते. फळीवर हिंग डावीकडं, मोहरी हाताशी, तेलाचा कावळा खाली. पावलं मोजून. रोजची चौसष्ट पावलं वाचली होती, आणि त्याचा तक्ता करून त्यानं तिला दाखवला होता. ती केवढी हसली होती तेव्हा! "अगबाई, मला पण यंत्र केलंत की," म्हणाली होती. त्याला ते कौतुक वाटलं होतं. आता लेथच्या घरघरीत उभं राहून त्याला आठवलं की पुढं कितीतरी दिवस तिचा हात आधी जुन्या जागेवर जायचा, रिकाम्या फळीला लागायचा आणि परत यायचा. तो ते बघायचा आणि सवय व्हायला किती दिवस लागतात ते मनात मोजायचा. वॉच-सार कुठला.

अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्याचंही हेच केलं होतं, पण अण्णांना नावं ठेवायला त्याची जीभ रेटत नव्हती. आठवीत भाषा निवडायची होती. त्याला कन्नड हवी होती. कन्नडचे मास्तर कविता म्हणायला लागले की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा गप्प व्हायची. अण्णा म्हणाले, कन्नडमध्ये मार्क पडत नाहीत, संस्कृत घे, संस्कृत पाठ केलं की हातात येतं. तेव्हा बंगळुरात निम्मी पोरं असंच करायची, त्यात जगावेगळं काही नव्हतं. त्याला एकशेपंचवीसपैकी एकशेएकोणीस पडले. अण्णांनी गल्लीत पेढे वाटले. आणि आज त्याला विचाराल तर संस्कृतचं एक वाक्य धड सांगता येणार नाही. पण भिंतीपलीकडून येणारा मास्तरांचा तो आवाज, त्याची चढउतार, ती शब्द न कळणारी ओढ, ते सगळं अजून कानात जसंच्या तसं आहे. त्या दिवशी आपण अण्णांना काय म्हणालो होतो? काहीच नाही. "सरी," म्हणालो होतो. या घरात सगळे तेच म्हणतात. मराठी बोलता बोलता तोंडी बसलेला कन्नड शब्द, होकाराचा, आणि तो एकदा म्हटला की पुढं बोलणं उरत नाही.

अनुसूयेनंही दोन वर्षांपूर्वी तेच म्हटलं होतं. मंगळवारी सकाळी दाढी करताना त्याला ते आठवलं आणि गालावर ब्लेड लागलं. देवळामागं लहान पोरांची शाळा आहे, तिथल्या बाई तिला विचारायला आल्या होत्या: आठवड्यातून तीन सकाळी येऊन पोरांना गोष्टी सांगाल का? ती नाचतच घरात आली होती. पस्तिशीकडं झुकलेली बाई नाचत येत नाही म्हणा, पण आली होती. त्यानं पेपर खाली ठेवून शांतपणे समजावलं होतं की यात पुढं काही नाही, त्यापेक्षा कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स कर, वेळ तेवढाच जाईल आणि हातात काहीतरी राहील. "सरी," ती म्हणाली होती. कोर्सही केला नाही, शाळेतही गेली नाही. आणि त्यानंतर, आता गालावर तुरटी फिरवताना त्याच्या ध्यानात आलं, त्यानंतर तिनं आपल्याकडं काहीही मागितलं नाही. भाजी काय आणू, पाहुणे कधी येणार, गॅस संपलाय, एवढंच बोलणं. दोन वर्षांनी, या जानेवारीत, पहिल्यांदा तिनं दारात उभं राहून विचारलं होतं, "रविवारी मीपण येऊ का हो तुमच्या त्या खेळाला?" आणि त्या दोन वर्षांनी आलेल्या मागण्यावर आपण रबर फिरवलं. आता ही पुन्हा कधी काही मागेल का? मागितलं नाही तर काय बिघडलं, असं म्हणून बघितलं. पण ते पटेना. घरात दोघंच माणसं. त्यातलं एक मागायचं थांबलं की दुसरं तरी कुणासाठी डोकं चालवणार?

मग त्यानं ठरवलं, सोपं आहे, जसं होतं तसं करून टाकावं. बुधवारी कामावरून आल्यावर त्यानं तानूबाईचा कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं, आपले आकडे खोडले आणि तिचे लिहायला बसला. करिश्मा, सोळा. ताकद, सात. इथपर्यंत आलं. चपळाई? दहा की अकरा? दम? बारा कुठं होते? कागद खिडकीशी धरून पाहिला. रबर त्यानं असं मन लावून फिरवलं होतं की खालची रेघसुद्धा शिल्लक नव्हती. ज्या माणसाला पुस्तकातल्या एकशेवीस हत्यारांची वजनं तोंडपाठ, त्याला बायकोनं समोर बसून लिहिलेले चार आकडे आठवेनात. तो शनिवार त्यानं पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं आणला. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती, सगळ्या घरात तो ओला हिरवा वास होता, आणि फासे तिनं दाण्यांच्या ताटातच टाकले होते. आकडा आला की दाण्यांतून फासा शोधायचा आणि खुदकन हसायचं. आणि ती बोलत होती. सारखी बोलत होती. काय बोलत होती?

तिच्या माहेरच्या, तीर्थहळ्ळीजवळच्या नदीघाटाबद्दल. हे त्याला हळूहळू आठवत गेलं, कानावर पडलेलं आणि आत न शिरलेलं. तिथं तानूबाई नावाची म्हातारी हरगोल चालवायची, ती वेताची वाटोळी होडी. हाडाची काडी, पण तोंड असं की भांडणारी माणसं घाटावर येऊन मऊ पडायची. अनुसूयेचे वडील आणि काका नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एका लग्नाला दोघंही एकाच वेळी घाटावर आले. तानूबाईनं दोघांना एकाच हरगोलात बसवलं, मध्ये छोट्या अनुसूयेला बसवलं, आणि नदीच्या मधोमध नेऊन वल्हं आत घेऊन बसली. होडी आपली गरगर फिरत राहिली. "तुम्ही बोलला की मी वल्हवते," म्हणाली, "मला काही घाई नाही." वडील आभाळाकडं बघत होते, काका पाण्याकडं. शेवटी काका म्हणाले, "पोरगी भिजतेय रे." वडील म्हणाले, "माझ्याकडं दे तिला." झालं. नऊ वर्षं गेली वाहून. "म्हणून मी हे सोळा इथं घालते," अनुसूया म्हणाली होती, "करिश्म्यात. आणि ताकद सातच बरी. तिच्या हातात तेवढीच होती हो." आणि तेव्हा रघुपती काय म्हणाला होता? "हं." त्याचं डोकं त्या वेळी सोळा शहाणपणात घातले तर किती जखमा भरून निघतील याच्या हिशेबात गुंतलं होतं.

गुरुवार असाच गेला. शुक्रवारी संध्याकाळी ती गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होती, तेव्हा तो कागद घेऊन तिच्यामागं जाऊन उभा राहिला. त्यानं वाक्यं ठरवली होती. ती सगळी विसरला.

"तुझे आकडे मला आठवत नाहीत," तो म्हणाला.

ती चिमटे हातात घेऊन वळली. "कुठले?"

"तानूबाईचे. सोळा आठवतात, सात आठवतात. मधले चार गेले. मी खोडले ते. मी... मला विचारायला हवं होतं तुला."

"राहू द्या हो आता. वाचून झालंय. पक्के झाले. तुमचाच ना नियम?" ती टॉवेलची घडी घालू लागली. "आणि मी नाही येत या रविवारी. तुमच्या बाईला तुम्हीच खेळवा. छान खेळवता."

एरवी तो इथं थांबला असता. हिचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. पण त्यानं तिच्या हातातला टॉवेल धरला, आणि धरल्यावर पुढं काय करायचं ते न कळून तसाच धरून राहिला. "मी सांगतो सगळ्यांना," तो म्हणाला. "टेबलावर. माझी खाडाखोड होती म्हणून सांगतो. तू फक्त ये. अनू, तू गोष्ट सांगत होतीस आणि मी ऐकलीच नाही. आता आठवून आठवून ऐकतोय. पोरगी भिजतेय रे, इथपर्यंत आठवली." त्याचा आवाज मध्येच चिरकला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. खालच्या घरातलं कुणीतरी कुकरच्या शिट्या मोजत होतं. मग अनुसूयेनं टॉवेलचं दुसरं टोक सोडून दिलं आणि म्हणाली, "लिहा. चपळाई अकरा. दम नऊ. अक्कल दहा. शहाणपण बारा. आणि पेन्सिलीनं नको, पेननं लिहा." त्यानं कठड्यावर कागद ठेवून लिहिलं. तिनं एकेक आकडा वाचून बघितला, मगच कपडे घेऊन आत गेली.

रविवारी त्यानं सांगितलं. सांगताना कान तापले, पण सांगितलं. बिंदुमाधव रघुपतीच्याच गल्लीतल्या बँकेत कामाला, आणि तोंडाळ म्हणून प्रसिद्ध; तो काही असली संधी सोडणार? "अरे, बायकोच्या पेपरात खाडाखोड! आमच्याकडं असं केलं तर घरी पाठवतात!" श्रीहर्षनं मात्र हसणं आवरलं आणि एवढंच म्हणाला, "वहिनी, तुम्ही पुन्हा वाचा. हे वाचाल ते पक्कं." अनुसूयेनं वाचलं. ताकद सात म्हणताना तिचा आवाज इतका खणखणीत लागला की आतून श्रीहर्षची आई बघायला आली.

गोष्ट नदीपाशी आली होती. पलीकडच्या काठावर दोन राक्षस, सख्खे भाऊ, घाट अडवून बसलेले. रघुपतीच्या डोक्यात बेत तयार होता: अर्धा कोस वर जाऊन उथळात उतरायचं, तिरंदाजानं आडोशानं बाण सोडायचे, वज्रबाहूनं मागून जायचं. तो तोंड उघडणार तोच अनुसूया म्हणाली, "घाटावर होडी आहे का?" श्रीहर्ष म्हणाला, आहे. "मग तानूबाई एकटीच जाते. सरळ त्यांच्याकडं. बोलायला." "वहिनी, त्यांच्या हातात गदा आहेत," बिंदुमाधव म्हणाला. "असू देत की," ती म्हणाली, आणि सुरू झाली. काय बोलली ती! खुर्चीवर बसल्या बसल्या तिचे खांदे म्हातारीचे झाले, हातात नसलेलं वल्हं आलं. तुमची आई कोण रे, दोघांना एकाच ताटात वाढायची का, थोरला कोण, धाकट्याच्या पायाला लागलंय ते कुणी बघितलं का, स्वल्प, जरा, इकडं बस बघू. श्रीहर्ष राक्षसांच्या वतीनं उत्तरं द्यायचंच विसरला. रघुपती तिच्याकडं पाहत होता. अकरा वर्षांत ही बाई त्याला दिसली नव्हती, असं म्हणणं खोटं होईल. त्या हरगोलातली, दोघांच्या मध्ये बसून भिजणारी ती पोर त्याला दिसली नव्हती. वीस पैलूंपैकी सोळांवर ती जिंकणार होती, चारांवर हरणार होती. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा एखादा आकडा न मोजता, नुसता मागितला.

फासा एकोणीसवर पडला.

थोरल्या राक्षसानं गदा घातली, होडी फुटली, तानूबाई धारेत पडली. "पोहून निघायला ताकद लागेल," श्रीहर्ष हळू आवाजात म्हणाला, "सातच्या आत." तिनं फासा उचलला, मुठीत घोळवला, टाकला. परातीत तो बराच वेळ फिरला.

बारा.

बारा. रघुपतीचेच बारा. त्यानं लिहिलेले आणि त्यानंच खोडलेले बारा; ते तिथं असते तर बाराला बारा, काठोकाठ, ती वाचली असती. मी म्हणत नव्हतो का, हे शब्द त्याच्या जिभेवर आले, अगदी दातांपर्यंत आले. असं जगण्यात फार क्वचित मिळतं, की माणूस इतका बरोबर ठरावा आणि साक्षीला फासा असावा. त्यानं ते शब्द गिळले. गिळताना खरोखर दुखलं. आणि मग त्या दुखण्यामागून भलतंच काही वर आलं: म्हातारी बुडत होती, पाण्यात पांढरे केस मोकळे झाले होते, आणि तिच्याबद्दल त्याला कालपरवापर्यंत काही माहीत नव्हतं. त्याचे डोळे भरले. अडतीस वर्षांचा माणूस, चौघांत बसून, कागदावरच्या बाईसाठी. बिंदुमाधवनंसुद्धा चेष्टा केली नाही; त्यानं उगाच चहाचे कप गोळा केले.

"तुमच्या बाराला वाचली असती, नाही?" अनुसूयेनं विचारलं. तिच्या ते लक्षात आलं होतंच.

"हो," तो म्हणाला. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

"मग पण ती गेलीच नसती हो बोलायला. मागं बसून जखमा शिवत बसली असती." तिनं तानूबाईचा कागद उचलला, दोन्ही हातांनी सपाट केला. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते नीट, आपलं आपण घेतलेलं दुःख होतं. आणि त्याच्याखाली चक्क मजा होती. "काय बुडाली ना पण!" ती म्हणाली. "धाकटा ऐकत होता माझं. आणखी थोडं बोलले असते तर आला असता." श्रीहर्ष म्हणाला, येणारच होता.

सूर्य मावळायच्या आधी ती दोघं निघाली. स्कूटर मल्लेश्वरमच्या उतारावरून सुटली तशी थंडी कानांत शिरली. सिग्नलला गाडी थांबली. शेजारी एक रिक्षा धूर सोडत होती. तिनं पुढं वाकून त्याच्या कानाशी तोंड आणलं.

"अहो, मला पोहायला शिकायचंय."

हे कुठून आलं, ते त्याला कळलं, आणि नाहीही. नदीकाठची पोर, पण तिला पोहता येत नव्हतं. हे अकरा वर्षांत त्याला माहीत नव्हतं. आणि सवय कुठं जाते, डोकं लगेच सुरू झालं. जयनगरच्या पोहण्याच्या तलावावर बायकांची वेळ भर दुपारी. पाणी जानेवारीचं, गार. हिची सर्दीची प्रकृती. छत्तिसाव्या वर्षी पोहणं शिकून पुढं काय. त्यापेक्षा सकाळचं चालणं बरं, आणि पोहायचंच तर एप्रिलनंतर. सगळं बरोबर होतं, एकही मुद्दा चुकीचा नव्हता. मागं ती त्याच्या उत्तराची वाट पाहत होती. खांद्यावरचा तिचा हात हलत नव्हता. हिनं मागितलंय, एवढं एकच त्याच्या मनात राहिलं, दोन वर्षांतलं दुसरं मागणं, आणि तो इतका आनंदला की सिग्नल सुटलेला त्याला दिसला नाही. मागून हॉर्न वाजू लागले.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"उद्यापासून," ती म्हणाली.